उजव्या हाताची टर्की

टर्की मी खरीखुरी एकदाच पाहिली, कवठे महांकाळकडं, चुलत नणंदेच्या वस्तीवर. तिच्या पोरानं हौसेनं पाळली होती. मी अंगणात पाय टाकला आणि तो नर फुगला, पिसारा काढला, मान लालभडक केली आणि माझ्या पदरामागं लागला. मी जी ओरडत सुटले ती थेट चुलीपाशी. नणंद अजून लग्नाकार्यात चार बायकांत ती गोष्ट सांगते.

हा पक्षी पुन्हा माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. पण मागच्या दिवाळीला लेक अमेरिकेतून आली, पाच वर्षांच्या नातीला घेऊन. तिकडच्या शाळेनं सुट्टी दिली होती, पण काम देऊन. नोव्हेंबरात त्यांच्याकडं थँक्सगिव्हिंग असतो. घरचे सगळे एकत्र बसून टर्की जेवतात, आणि लहान पोरं हाताच्या पंजाची टर्की करतात. कागदावर पंजा ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची, कापायचा, की झालं पीस. मधे गोल पोट, वर चोच आणि डोळे. नातीच्या बाईंनी बजावलं होतं, घरातल्या प्रत्येकाचा एक पंजा पाहिजे, आणि प्रत्येक पिसावर त्या माणसाला कशाचे आभार मानायचे आहेत ते लिहायचं. फोटो काढून पाठवायचा.

घरातला प्रत्येक म्हणजे आम्ही तिघी आणि मालक. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. मी संसारभर त्या शब्दाची टिंगल करत आले आणि संसारभर तोच वापरत आले.

त्याच्या आधीच्या संक्रांतीच्या सुमाराला मालकांना अर्धांगाचा झटका आला होता. मिरजेला नेलं. डॉक्टर देवासारखे भेटले, पाय सुधारला, जीभ सुधारली, मालक आपल्या पायांनी घरी आले. उजवा हात मात्र मूठ वळून बसला. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. गरम फडक्यानं शेकायचं, मग एकेक बोट हळूहळू सरळ करायचं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, हे रोज झालं पाहिजे. नाहीतर हात असाच आखडेल, मग कुणालाच उघडता यायचा नाही."

पण मालक हात लावू देतील तर शपथ. पलटणीत नोकरी केलेला माणूस, आयुष्यात कुणाकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला नाही. मूठ टॉवेलखाली झाकून बसायचे. डाव्या हातात चमचा धरून भिंतीकडं तोंड करून जेवायचे. मी समजावलं, भांडले, रडले, चार दिवस अबोलाही धरून पाहिला. "ऱ्हाऊ दे की, माझा हात हाय," एवढंच उत्तर. मी मनातून फार घाबरले होते. ती मूठ कायमची मिटली की हा माणूसही मिटणार, असं मला दिसत होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं.

तर असल्या घरात टर्की करायला बसलो. दुपारची वेळ, सोप्यात सतरंजी टाकलेली. नातीला रंगीत कागद पाहिजे होते, म्हणून मी जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. लाल, केशरी, पिवळ्या, सोनेरी किनारीच्या. एवढा जाड कागद दुकानात मिळत नाही. फक्त गणपतीवर कात्री चालवायची नाही एवढी अट घातली. नातीनं डावा हात पत्रिकेवर ठेवला आणि उजव्या हातात पेन्सिल धरली.

"अगं अगं, डावा न्हाई!" मी ओरडले. "शुभ कामाला उजवा हात."

"का?"

आता का म्हणजे काय सांगू? नवा ट्रॅक्टर दारात आला की आम्ही बायका त्याच्या बॉनेटवर हळदीकुंकवाचे पंजे उठवतो. ते उजव्याच हाताचे असतात. का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"आई, कागदाचा पक्षी आहे तो," लेक म्हणाली. "सत्यनारायण नाही."

"असू दे. सणाचा हाय ना? मग उजवा."

नात विचारात पडली. "मग पेन्सिल कोण धरणार?"

मला हे सुचलंच नव्हतं. आपल्या उजव्या हाताचं चित्र आपल्याला काढता येत नाही. तिथं दुसरं माणूस लागतं. मग नातीचा हात मी काढला, माझा नातीनं. तिची पेन्सिल माझ्या बोटांच्या बेचक्यांतून फिरायला लागली तशा मला इतक्या गुदगुल्या झाल्या की रेघ वाकडी गेली. लेकीचा हात मी कितीतरी वर्षांनी असा हातात घेतला. तळवा खरबरीत झाला होता. काय गं, एवढी भांडी घासतेस का तिकडं, म्हटलं, तर ती नुसती हसली.

"आजी, तुझ्या पिसावर काय लिहायचं?"

आमच्याकडं घरातल्या माणसाचे आभार मानायची पद्धत नाही. मानले तर समोरचं माणूस दचकून विचारेल, काय झालं, बरंबिरं हाय न्हवं? मला म्हणायचं होतं, मालक मिरजेहून चालत घरी आले, त्याचे आभार. पण ते पलीकडं खाटेवर बसून ऐकत होते. "पाऊस बरा झाला, असं लिही," मी म्हटलं. लेकीनं माझ्याकडं पाहिलं आणि तसंच लिहिलं.

तेवढ्यात नात पत्रिका आणि पेन्सिल घेऊन खाटेपाशी गेली. "आबा, तुमचा हात द्या."

मालकांनी मुकाट्यानं डावा हात पुढं केला.

"हा नाही चालत. उजवा पाहिजे. आजीनं सांगितलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठून अवदसा आठवली आणि उजव्या हाताचा हट्ट धरला! मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठेपर्यंत पोरीनं टॉवेल ओढला. ती मूठ तिनं प्रथमच उघड्यावर पाहिली.

"उघडत नाही?"

"न्हाई उघडत."

"बरं," ती म्हणाली. पत्रिका खाटेवर पसरली, मूठ उचलून तिच्यावर ठेवली आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. मालक नको म्हणायच्या आत काम संपलं होतं. तो गोळा तिनं कापला, पुठ्ठ्याच्या मधोमध चिकटवला, भोवतीनं आमची तिघींची पिसं लावली, चोच लावली, डोळे लावले, आणि पुठ्ठा आबांपुढं धरला.

"ह्यात मी कुठला?" मालकांनी विचारलं.

"तुम्ही पोट!"

लेकीला हसू आवरेना. मलाही आवरेना. कितीतरी महिन्यांत मी अशी हसले नव्हते, हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मालक मात्र हसले नाहीत. टॉवेल ओढून घेतला आणि भिंतीकडं वळले. झालं, म्हटलं, आता हा माणूस नातीपुढंही बसायचा नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो पाठवायचा होता. सकाळचा चहा झाला, मी कपबशा उचलत होते, तर मालकांनी बोलावलं. टॉवेल बाजूला पडला होता. त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"उघड."

मला कळेचना. "काय उघडू?"

"ऐकू येत न्हाई व्हय? हात उघड. पोट न्हाई व्हायचं मला. त्या पोरीला म्हणावं, कागद आण. मलाबी पीस पायजे."

मी धावत पाणी तापवलं, फडकं पिळून आणलं. नात पिवळी पत्रिका मांडून पेन्सिल धरून शेजारी बसली. मी अंगठ्यापासून सुरुवात केली. अंगठा सुटला. पहिलं बोट थोडं सुटलं. मधलं सरळ करायला लागले तसा मालकांच्या कपाळावर घाम आला, दात आवळले गेले. माझा हात सैल पडला.

"आवं, दुखतंय का?"

"लय."

"मग थांबू?"

"थांब म्हणालो का मी?"