कोंबडीचा ताप

आता हसू नका, पण मी माझ्या वडिलांना जिवंतपणी मारलंय. भर रविवारी, डोंबिवलीत, एक अख्खी कोंबडी भाजता भाजता.

बायको ट्रेनिंगसाठी नाशिकला गेलेली. घरात मी आणि अण्णा, म्हणजे वडील. अण्णांना थोडी कणकण होती, आणि मला नेमकी त्याच दिवशी ओव्हनमध्ये कोंबडी भाजायची हौस आलेली. ठाण्याला माझी ताई राहते, नर्स आहे. सकाळीच तिला फोन लावला.

"कोंबडी नळाखाली धुवू नकोस," ताई म्हणाली.

"अगं, आई तर तीन पाण्यांनी धुवायची."

"आणि ते पाणी शेजारच्या कोशिंबिरीत उडायचं. जंतू शिजवल्यावर मरतात, धुऊन नाही. सुरी वेगळी ठेव, हात साबणाने धू. आणि नुसत्या रंगावर जाऊ नकोस. मांडीत आतपर्यंत पंचाहत्तर डिग्री व्हायला पाहिजे. मोजून बघ. अण्णांचा तापही बघ. अंदाजे नको, मोजून सांग."

दोन्ही मोजायचं, आणि घरात थर्मामीटर एक. म्हटलं, आधी कोंबडी. दुपारी ती बाहेर काढली, मांडीत थर्मामीटर खुपसला, तर आकडाच नाही. नुसता 'एच', म्हणजे हाय. परत ताईला फोन.

"ताई, मोजलं. आकडा येतच नाहीये, हाय दाखवतंय."

"हाय? कधीपासून?"

"तासभर झाला असेल."

"घाम आलाय?"

मला वाटलं, नर्स लोक असंच बोलत असतील. "पाणी भरपूर सुटलंय."

"रंग?"

"वरून पिवळट. मांडीपाशी जरा काळपट."

"अरे, हालचाल आहे का?"

आता मी गोंधळलो. "कसली हालचाल, ताई? ते सगळं सकाळीच संपलं."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "आणि तू मला आत्ता सांगतोयस?"

"अगं, आधी सांगून तू काय करणार होतीस?"

"निघतेय मी." फोन बंद.

मला कळेना, एका कोंबडीसाठी ठाण्याहून कशाला यायचं? भाऊजींना घेऊन जेवायला येत असेल, म्हणून मी दोन ताटं जास्त काढली.

बेल वाजली, दार अण्णांनीच उघडलं. समोर ताई, डोळे सुजलेले. मागे भाऊजी, पांढऱ्या झब्ब्यात.

"अरे वा, न कळवता?" अण्णा म्हणाले.

ताई त्यांच्या गळ्यात पडून जी रडायला लागली, ती थांबेना. भाऊजी काही न सुचून अण्णांच्या पाया पडले. अण्णा माझ्याकडे बघतायत, मी भाऊजींकडे.

रडणं ओसरल्यावर उलटतपासणी झाली. ताईने विचारलं, "मोजलंस कशाने?"

"आपल्या थर्मामीटरने. तापाच्या."

"त्याची धाव बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत. पंचाहत्तर कुठून दाखवणार तो?"

"आणि तो पहाटे माझ्या काखेत होता," अण्णा शांतपणे म्हणाले.

कोंबडी कुणीच खाल्ली नाही.

उपाशी बसलेलो असतानाच शेजारच्या काकू आल्या. त्यांनी रडणं ऐकलेलं, भाऊजींचा झब्बा पाहिलेला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भात घेऊन आलेल्या. अण्णांनी पुढे होऊन पातेलं हातात घेतलं, तशा काकू दाराला टेकल्या.

"तुम्ही आहात? मग गेलं कोण?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"ह्याची अक्कल," ते म्हणाले. "पण आज नाही हो, बरीच वर्षं झाली त्याला."