पाडलेल्या भिंतीला रकाना नाही

मुकादमाचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तोंडात मात्र सगळ्यांच्या ओळंबाच. दोऱ्याला बांधलेलं ते वजन, भिंत सरळ की तिरकी हे सांगणारं, गेली तीस वर्षं त्याच्या खिशात असायचं. जेवायला बसतानासुद्धा. बायको म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंत, संसार त्या ओळंब्याशी."

असा सरळ चाललेला माणूस साठीला टेकल्यावर गोंधळला. झालं काय, तर कंपनीने समोरासमोर दोन इमारती काढल्या. नकाशा एकच, मुकादम दोन. कामाची प्रगती मोजायची आणि ज्याचा आकडा मोठा, तोच पुढच्या कामावर. दुसऱ्याने घरी बसायचं. समोरचा मुकादम तुफान, ओळंब्याच्याच हाताखाली थापी धरायला शिकलेला. कामाला सुसाट.

दर शनिवारी मोजणीवाल्या बाई टॅब घेऊन यायच्या. "काका, या आठवड्यात वीटकाम किती?" हा सांगायचा आणि टॅबवर ठिपका उमटायचा. ओळंब्याचा कायम पिवळा, तुफानचा हिरवा.

मग तिसऱ्या मजल्यावर जिन्याची भिंत दोन बोटं बाहेर गेली. ओळंब्याने दोरा सोडून पाहिलं आणि गवंड्यांना म्हणाला, "पाडा." पाडली, परत बांधली. शनिवारी त्याने गवंड्यांच्या हातून झालेलं सगळं काम सांगितलं, जुनी सवय. ऐंशी मीटर. ठिपका हिरवागार.

"काका, तुम्ही पुढे गेलात की!" बाई म्हणाल्या.

याच्या डोक्यात काही शिरेना. घरी येऊन म्हणाला, "भिंत चुकली, पाडली, आणि मी पहिला आलो. हे कसलं मोजमाप?"

"मग रोज एक पाडा."

"चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय? दिवसभर घरात बसलात तर मला वेड लागेल." ती हसली खरी, पण घाबरली होती. काम गेलं तर हा माणूस खचेल, हे तिला ठाऊक होतं. त्यालाही.

आठवडाभर त्याला घास गोड लागेना. शेवटी शनिवारी त्याने बाईंना तिसऱ्या मजल्यावर नेलं. "त्या ऐंशीतले तीस मीटर ही भिंत दुसऱ्यांदा बांधली तेव्हाचे. ते काढा."

बाई टॅबवर बोट फिरवत राहिल्या. "पाडलेल्याला रकानाच नाहीये, काका. आणि वजा केलं तर तुमचं पुढचं काम गेलं. आज यादी लागणार आहे."

"बाई, इथे भिंती किती आहेत?"

"एक."

"मग एकच लिहा ना."

बाईंनी लिहिलं. वेळ दुप्पट, विटा दुप्पट, भिंत एक. ठिपका लाल झाला. आपण शहाणपणा केला की आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, ओळंब्याला सांगता आलं नसतं.

दुपारी यादी लागली. तुफान. पण तुफान स्वतःच तोंड पाडून ओळंब्याकडे आला. "दादा, जरा माझ्याकडे चला. ओळंबा घेऊन."

तिथेही तिसरा मजला, तीच जिन्याची भिंत. दोरा सोडला. तीन बोटं.

"माहीत होतं," तुफान म्हणाला. "गिलाव्यात झाकली जाईल म्हणून गप्प बसलो. पण इथून माणसं चढणार, दादा. पाडू?"

ओळंब्याला राग आला, कीवही आली आणि कुठेतरी बरंही वाटलं, म्हणून स्वतःचीच लाज वाटली. "पाड," तो म्हणाला.

"माझा आकडा?"

"वाढेल." का वाढेल, ते त्याला अजूनही कळलं नव्हतं. त्याने दोरा गुंडाळला आणि ओळंबा तुफानच्या हातात ठेवला. "पुढच्या कामावर लागेल तुला."

घरी तो जेवायला बसला. बायकोने त्याच्या सपाट खिशाकडे पाहिलं.

"कुणाला दिलात?"

"तुफानला."

वाढता वाढता ती म्हणाली, "उद्या ती भांड्यांची फळी बघा. तिरकी आहे म्हणून तीस वर्षं सांगतेय."

त्याने मान वर केली. फळी खरंच तिरकी होती. त्याचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.