पल्लवीचा चेहरा, दुसरीचा आवाज

पल्लवीच्या वडिलांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. “मॅडम, पोरगी माह्यी हाये. आवाज कोनाचा हाये?”

ते दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. लेक सरकारी व्हिडिओत दिसते म्हणून तिथल्या सगळ्यांना त्यांनी तो कौतुकानं दाखवला होता. मी यवतमाळला कॉलेजात पर्यटन शिकवते. जिल्ह्यातल्या ठिकाणांच्या प्रसिद्धीसाठी शासनानं आमच्या विद्यार्थ्यांकडून व्हिडिओ मागवले होते. पल्लवीनं बाभुळगावकडच्या एका जुन्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उभं राहून सांगितलं होतं, “ह्या पायऱ्याईवर सरका पाय नोका ठेवू, तिरपा ठेवा. आमच्या बाया घागरी घेऊन अशाच चढत.”

शासनानं प्रसिद्ध केलेल्या व्हिडिओत मात्र तिचे ओठ हलत होते आणि एक गोड आवाज म्हणत होता, “स्थापत्याचा हा अप्रतिम नमुना मनाला भुरळ घालतो.” याला डबिंग म्हणतात. चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा.

मी प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या साहेबांना फोन केला.

“भाषा सगळ्या राज्याला कळली पाहिजे, असं धोरण आहे,” ते म्हणाले.

“मग तिचा आवाज ठेवून खाली प्रमाण मराठीत अक्षरं द्या.”

“ब्रीफमध्ये तसं नाही, मॅडम.” ब्रीफ म्हणजे व्हिडिओ कसा हवा याच्या वरून आलेल्या सूचना. मग म्हणाले, “मी पण घरी वऱ्हाडीच बोलतो. पण माझ्या हातात काही नाही.”

व्हिडिओ तसाच राहिला. वडिलांना मी तेच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बारवेवरच पर्यटकांना माहिती सांगायच्या प्रॅक्टिकलची तयारी होती. पल्लवी उभी राहिली आणि व्हिडिओतली वाक्यं त्याच सुरात पाठ म्हणू लागली. मी विचारलं, “अगं, पायऱ्यांचं का नाही सांगितलंस?”

“ते व्हिडिओत नाही, मॅडम.”

तिची चूक नव्हती. आपलं बोलणं चारचौघांत चालत नाही, हे तिला कुणी रागावून सांगितलं नव्हतं. सुंदर संगीत लावून सांगितलं होतं.

परीक्षेच्या दिवशीही बारवेवर तिनं तशीच सुरुवात केली. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलावत होते. तेवढ्यात बोरी अरबहून बारव पाहायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, “बाई, उन्हाळ्यात राह्यते का वं इथं पानी?”

पल्लवी अडखळली. मग म्हणाली, “राह्यते ना मावशी. खालचा झरा आटत नाही.” आणि दोघींचं बोलणं सुरू झालं. परीक्षकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तिनं थांबून त्यांना तेच सगळं प्रमाण मराठीत सांगितलं आणि पुन्हा मावशींकडे वळली.

ती पास झाली. वेळ पाळली नाही म्हणून मार्क कापले गेले.

आता असे व्हिडिओ पाठवताना आम्ही संमतीपत्रात चेहरा दाखवायची आणि आवाज बदलायची परवानगी वेगवेगळी लिहितो. चेहऱ्याखाली सगळे लगेच सही करतात. आवाजाची ओळ आली की मुलं विचारतात, “मॅडम, हे कायले?” मग मी खुर्ची ओढून बसते आणि समजावून सांगते.