ड्रायर आधी घरच्यांनी चालू करायचा

कपडे वाळवायचे ड्रायर दुरुस्त करता करता माझे केस पांढरे झाले. जुने स्क्रू भंगारात देता येतात, किश्श्यांचं तसं नाही, ते साठतच जातात. आणि बहुतेकांची सुरुवात एकाच फोननं होते: "ड्रायर चालू होईना गेलाय."

नांदेडात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या गौसचाचांचा एकच नियम. "जो रोज चालवतो त्याला आपल्यासमोर चालू करायला लाव. मग पाना काढ." मला तो वेळेचा खोळंबा वाटायचा.

०

मुखेडच्या एका काकांनी सकाळपासून सात फोन केले. एसटीनं गेलो. बघतो तर ड्रायरचा प्लग खाली लोंबकळतोय आणि त्या जागी मोबाईलचा चार्जर.

"मग? तुम्हाला फोन लावायला चार्जिंग नको का?" काका म्हणाले.

०

औशाच्या एका ताईंचा ड्रायर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंद. चाचा सोबत होते. ताईंनी चालू करून दाखवायला दार लावलं, ते लागेच ना. खटक्यात आपट्याचं पान अडकलेलं. घरातल्या सगळ्यांना सोनं दिलं, मग रोज राबणाऱ्या मशीनला का नको, म्हणून ताईंनी दारावर ठेवलेलं.

"सोनं मिळालं, आता सुट्टी मागून राहिली," चाचा म्हणाले. ते पान त्यांनी टाकलं नाही, खिशात ठेवलं.

०

आता लोह्याचे गुरुजी. रिटायर शिक्षक. घरात ते आणि काकू दोघंच. काकूंची उजवी बाजू लकव्यानं गेलेली. महिन्यात तीन वेळा बोलावलं. दर वेळी मी दार लावून बटण दाबलं की ड्रायर सुरू. वैतागून चाचांना सांगितलं.

"कपडे कोण टाकतं?"

"गुरुजी टाकत असतील."

"असतील?"

चौथ्यांदा गेलो तेव्हा म्हटलं, रोज जो चालवतो त्यानं चालू करावा. मग काकूच व्हीलचेअरवरून आल्या. डाव्या हातानं एकेक कपडा आत टाकला, दार ढकललं. बसल्या जागी जोर पुरेना. खटका लागला नाही. पुन्हा ढकललं. गुरुजी मागे हात बांधून उभे.

"गुरुजी, तुम्ही जरा दाबा की."

त्यांनी मला अंगणात नेलं. "माझ्या एका बोटाचं काम हाय ते. पण आजारपणानंतर एवढं एकच काम तिनं आपणहून हाती घेतलंय. दार लागलं न्हाई की त्या दिवशी जेवत न्हाई. म्हणून तिला मशीनच बिघडलीय असं सांगतो, अन् तुम्हाला बोलावून राहिलो."

मी आत जाऊन खटक्याची स्प्रिंग बदलली, हलकी बसवली. काकूंनी दार ढकललं. टक. बटण दाबलं, ड्रम फिरला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी उगाच पाना पुसत बसलो.

"काकू, मशीनच खराब होती," म्हटलं.

आठवड्यानं गुरुजींचा फोन. "पुन्हा बंद पडला का?"

"न्हाई हो. काल मी टॉवेल टाकायला गेलो, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. लई जोरात लागली."