दहाला कोण असतं?

दर मंगळवारी सकाळी दहाला आमच्याकडे, इथे आखातात, एगैलाला एक पोरगी येते. नर्स आहे, लातूरकडची. रात्रपाळी उरकून, इथल्या मराठी डॉक्टर-नर्सांच्या मंडळातर्फे म्हाताऱ्यांचं बीपी बघते. गेल्या मंगळवारी तिने नवा फॉर्म काढला. कुणाकडे जायचं नि कुणाकडचं थांबवायचं, हे मंडळाची समिती शुक्रवारी ठरवणार होती.

"आज्जी, घरात माणसं किती?"

"चार."

तिने 'घरचा आधार आहे' यावर खूण केली. म्हणजे माझं नाव कटणार. मला हसूच फुटलं. ही खूण करण्यात माझा हात धरणारं एके काळी कुणी नव्हतं!

तेव्हा मी याच मंडळात होते. वय तीस, अक्कल पाच. फॉर्म भरायचे तो असा, की अक्षराला दृष्ट लागावी. अम्गऱ्याच्या कारखान्यांच्या वस्तीत एका वर्कशॉपच्या मागच्या खोलीत कुडाळकडचा एक सुतार मांडीचं हाड मोडून पडला होता. मी संध्याकाळी गेले. खोलीत आठ सोबती. कुणी भात टाकतोय, कुणी त्याचं डोकं चेपतोय. मी टेचात लिहिलं, 'आठ माणसं. आधार भरपूर. भेटीची गरज नाही.'

समितीत माझं अक्षर सगळ्यांनी वाखाणलं. अध्यक्ष डॉक्टरबाईंनी मात्र चष्मा खाली ओढला. "सकाळी दहाला कोण असतं गं तिथे?"

मी फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"उद्या दहाला जा. मग सही करते."

गेले. दार नुसतं लोटलेलं. आठही जण पहाटेच कामावर गेलेले. हाताला लागेल अशी पाण्याची बाटली खाटेला दोरीने बांधलेली. उशाशी पेजेचा डबा, झाकणही न काढलेलं.

"जेवला नाहीत?"

"एकट्याक जेवण जाता खंय, बाई? तिन्हीसांजेक येतत सगळे. तवसर ह्या एसीवांगडा बोलतंय. तो निदान घरघरता तरी!"

मी बसले. हत्यारांच्या पेटीत अंडी घालणाऱ्या त्याच्या कोंबडीची गोष्ट ऐकली. गार पेज त्याने अख्खी संपवली.

आता आमचं घर सातलाच रिकामं होतं. मुलगा, सून, नात, माणसं सोन्यासारखी; फक्त दहाला नसतात. हे होते तेव्हा दहाचा चहा म्हणजे भांडण. मी आलं किसून घालायचे, हे चमच्याने वेचून बशीत काढायचे. "हे काय, गवत?" म्हणायचे. परवा बघते तर मीच वेचून बशीत काढून ठेवलेलं.

"पोरी," मी म्हटलं, "चार माणसं खरी. पण आत्ता कोण आहे, ते लिही."

तिने खोल्यांकडे बघितलं. "तुम्ही."

"आणि?"

"...मी." तिने खूण खोडली, आणि पहिल्यांदाच चहाला थांबली.

शुक्रवारी काय ठरलं, कुणी कळवलेलं नाही. आज मंगळवार. पावणेदहा झालेत. दोघींपुरतं आलं किसून ठेवलंय.