सातवी पास सून

माझ्या आईच्या मामांनी एक कप चहा पिता पिता मला तीन इयत्ता पुढे नेलं. मुलाकडची मंडळी मला पाहायला आली होती. मुलगा मॅट्रिक, मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, त्यामुळे त्यांना शिकलेली मुलगी हवी होती. मी चौथी पास. मामांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पोरगी सातवी पास हाय." होणाऱ्या सासऱ्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून माझ्या हातात दिलं. वाचन माझं पहिल्यापासून चांगलं. मी घडाघडा वाचलं, आणि झालं, तेवढ्यावर मी सातवी पास ठरले. आत आल्यावर आईला म्हटलं, हे खोटं हाय. आई म्हणाली, "लग्नात येवढं चालते. दाखला मागाले कोन येते?"

त्या मामांचा मला आजही राग येतो. ते जाऊन इतकी वर्षं झाली, राग काही गेला नाही. पण त्यांच्यावर राग काढणं सोपं आहे. ते थाप मारून आपल्या गावी निघून गेले. पुढे तोंड बंद ठेवलं ते मी.

सासर जानेफळपासून दीड कोसावर. नवं राज्य नुकतंच झालं होतं. गावातली शाळा चौथीपर्यंत, पाचवीपासून जानेफळला पायी जायचं. घरात सासू-सासरे आणि माझी एकुलती एक नणंद, दहा वर्षांची. आमच्याकडे नणंद धाकटी असली तरी तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाई म्हणायची. नवरा पंधरा दिवसांतून एकदा मलकापूरहून यायचा. बाई त्याच वर्षी चौथी पास झाली होती, वर्गात पहिली. जानेफळच्या शाळेत तिचं नाव घालायचं ठरलेलं होतं, आणि तेवढ्यात माझं लग्न होऊन मी घरात आले.

एके दिवशी जेवताना सासरे म्हणाले, "घरात सातवी पास सून असतानी पोरीले काऊन रोज तंगडतोड कराले लावाची? सूनबाई शिकवतीन."

मी चुलीपाशी उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण लग्नाला जेमतेम महिना झालेला, माहेरी पाठची बहीण लग्नाची. खोटं उघड झालं असतं तर मला परत धाडलं असतं आणि तिला कुणी विचारलं नसतं. मी भाजी वाढायला घेतली. बाईने ताटावरून वर पाहिलं, एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा खाली मान घातली. तिची शाळा अशी सुटली, भाजी वाढण्याइतक्या वेळात.

जानेफळहून कुणाची तरी जुनी पुस्तकं आणली. दुपारी जेवणं झाली, सासू आडवी झाली की आम्ही ओसरीवर बसायचो. पहिल्याच आठवड्यात अपूर्णांकांची बेरीज आली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मी वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले आणि ठसक्यात सांगितलं, दोन पंचमांश. बाईने पाटीवर लिहिलं. मग बराच वेळ पाटीकडे पाहत बसली. उठून टोपल्यातली भाकर आणली, तिचे पाच तुकडे केले, दोन वेगळे ठेवले.

"वैनी, हे तं अर्ध्या भाकरीपेक्षा कमी भरलं. अर्धीत अजून टाकलं, मंग अर्धीपेक्षा कमी कशी झाली?"

मी म्हटलं, "तुलेच पाहून राह्यली होती, ध्यान हाय का नाही ते. आता तूच सांग कसं कराव."

तिने पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण शोधलं, बोट ठेवून ठेवून वाचलं, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिला जमलं. मग तिने मला समजावून सांगितलं. ते मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मी मान हलवून म्हटलं, "बरोबर."

तीच आमची रीत झाली. मी म्हणायची, "मले समजावून सांग, म्हंजे तुले समजलं का नाही ते कळंल," आणि ती सांगायची. क्षेत्रफळ, दशांश, जगाचा नकाशा, सगळं मी त्या पोरीकडून शिकले. पुढे मी शिक्षिका झाल्यावर तपासणीला आलेले एक साहेब माझा वर्ग पाहून इतके खूश झाले की त्यांनी शेरेबुकात लिहिलं, मुलांकडूनच समजावून घेण्याची या शिक्षिकेची पद्धत अनुकरणीय आहे. बाकीच्या शिक्षकांनी माझं कौतुक केलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुणाला विचारायची सोयच नव्हती. ज्याला येत नाही त्याला विचारता येतं. ज्याला सगळं येतं असं गावाने ठरवलंय, त्याने कुणाला विचारायचं? बाया पत्रं लिहून घ्यायला यायच्या, अर्ज वाचून घ्यायला यायच्या. वाचण्या-लिहिण्यावर माझं निभत होतं. पण पाहुणे आले की सासरे बाईला पाटी घेऊन अंगणात बोलवायचे आणि पाहुण्यांना तिला गणित घालायला लावायचे. मी आत भाकरी थापत कान देऊन बसायची. पोरगी अचूक उत्तर द्यायची, पाहुणे म्हणायचे, सूनबाईची कमाल हाय. तव्यावरची भाकर जळायची आणि सासू वैतागायची, इतकी शिकलेली पण भाकरीकडं ध्यान नाही म्हणून.

एकदा मी मन घट्ट केलं. सासरे एकटेच ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी पदर सावरून दारात उभी राहिले आणि म्हटलं, "मामाजी, बाईच्या शाळेचं बोलाचं होतं." ते म्हणाले, "बोला न सूनबाई. तुमच्यापायी माह्या पोरीची वणवण वाचली पाहा. देवच पावला." त्यांचा चेहरा इतका भोळा होता की मला खरं सांगवलं नाही. मी म्हटलं, पाटी फुटली आहे, नवी लागेल. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातून नवी पाटी आणली.

अशी अडीच वर्षं गेली. आम्ही दोघींनी पाचवी संपवली, सहावी संपवली, सातवीची पुस्तकं अर्ध्यावर आणली. मला शिकण्याची चटक लागली होती हे खरं, आणि त्याच वेळी जीव टांगणीला लागलेला होता हेही खरं. मग पंचायत समितीकडून निरोप आला की शाळांना बायका शिक्षिका पाहिजेत, सातवी पास चालतील. सासऱ्यांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. सहा महिन्यांत दाखला हजर करायचा होता.

आता मात्र लपायला जागा नव्हती. नवरा पुढच्या खेपेला आला तेव्हा सकाळी विहिरीवर त्याला सगळं सांगितलं. तो बादली तशीच धरून उभा राहिला. मी मार खायची तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "इतके दिवस मले बी नाही सांगतलं?" आणि मग बादली खाली ठेवून, वडिलांबद्दल, "बुवाले सांगू नको. त्यायचं तोंड गावात काळं होईन. बाहेरून परीक्षा देऊन टाक."

माझं माहेर शेगावजवळ. तिकडच्या पत्त्यावरून फॉर्म भरायचा, परीक्षा शेगावच्या एका शाळेत द्यायची, आणि घरी सांगायचं की नवस फेडायला दर्शनाला जातो, चार दिवस माहेरी राहू. सगळं त्यानेच जुळवलं. फॉर्म आणायला निघाला तेव्हा त्याने विचारलं, "बाईचाबी भरू का? तिले तं तुझ्यापेक्षा चांगलं येते."

मी नाही म्हटलं.

म्हटलं, दोघी गेलो तर बोभाटा होईल, पोरगी कुठेतरी बोलून जाईल, तिचा निकाल घरी येईल. ही सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण भीती होतं. मला माझी सुटका हवी होती, आणि त्या सुटकेत तिला बरोबर घ्यायची माझी हिंमत झाली नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

निघायच्या दिवशी पिशवी भरत होते तर बाई जवळ येऊन उभी राहिली. "वैनी, मले बी घेऊन चल शेगावले." मी म्हटलं, पुढच्या वेळी. ती म्हणाली, "मी काही मांगणार नाही. गुमान राहीन." सासू म्हणाली, नवराबायकोच्या नवसात तुझं काय काम? ती वेशीपर्यंत आमच्यामागे आली आणि तिथून परत गेली. मी वळून पाहिलं नाही.

परीक्षेत आलेलं जवळजवळ प्रत्येक गणित बाईने मला कधी ना कधी समजावलेलं होतं. मी पास झाले. दाखला माहेरी आला, त्यावरची तारीख घरी कुणाला दिसू नये म्हणून लुगड्याच्या घडीतून आणला, नोकरी लागली. पुढच्या वर्षी, वैशाखात, बाईचं लग्न झालं. चौदा वर्षांची होती. सासऱ्यांनी सोयऱ्यांना सांगितलं, पोरगी घरीच सातवीपर्यंत शिकली आहे. दाखला कुणी मागितला नाही.

मी मात्र पुढे शिकतच गेले. तिशीला आले तेव्हा घर सोडून माझ्याहून धाकट्या विद्यार्थिनींबरोबर अध्यापिका विद्यालयात राहिले, मॅट्रिक बाहेरून केलं, मलकापूरला बदली मिळाली. शेकडो पोरी माझ्या हाताखालून गेल्या. एखादी हुशार पोरगी मधूनच शाळा सोडायला लागली की मी तिच्या घरी जाऊन बापाशी भांडायची. लोक म्हणायचे, मास्तरीणबाई मोठ्या तळमळीच्या आहेत. तळमळ कसली, ती टोचणी होती.

आपल्या लग्नानंतर अकरा वर्षांनी बाई माझ्या मलकापूरच्या बिऱ्हाडी आली. सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि तिची ट्रंक. त्यांच्या गावातही शाळा चौथीपर्यंतच होती. चहा झाल्यावर म्हणाली, "हिले तुझ्यापाशी ठेवाले आणली."

मला इतका आनंद झाला की मी तिचे हात धरले. म्हटलं, "ठेव न. मी स्वतः शिकवीन हिले, रोज संध्याकाळी."

"नाही वैनी," ती म्हणाली. "शाळेत घाल. घरी नको शिकवू."

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी तिचे हात सोडले आणि विचारलं, "तुले केव्हापासून माहीत होतं?"

"पयल्याच आठवड्यापासून."

"मंग मामाजीले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुले माहेरी धाडलं असतं. मंग घरात मी एकटीच." तिने कपबशी सरकवून ठेवली. "शेगावले नेशीन असं वाटलं होतं मले. दर्शनाले जातानी कोनी भूगोलाचं पुस्तक नेत नाही."

मी रडले. माफी मागितली. ती मला थोपटत होती, पण माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची गाडी सकाळची होती. शाळा अकराला उघडणार. मी म्हटलं, "तू नीघ, नाहीतर गाडी चुकंल. हिचं नाव मी घालते."

"चुकू दे," ती म्हणाली. "माह्यासमोर घाल."