यादीत राहिलेलं नाव

देवाचा मला सगळ्यात जास्त राग आला होता, त्या दिवसांतली ही हकिकत आहे. सोलापुरात मी एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. पगार बेताचा, पण डोकं मात्र मोटारीत अडकलेलं. तेव्हा भाडं घेऊन उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी नव्यानंच सुरू झाल्या होत्या. रस्त्यावर भोंगा वाजला की मी फळा सोडून खिडकीशी धावायचो आणि मागं अख्खा वर्ग हसायचा. गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणारी गर्दी बघून मनात आलं, आपण एक मोटार घ्यावी, भक्तांची सोय होईल. भक्तांची सोय हे मी मागाहून जोडलं. खरं कारण मोटार हेच होतं. सावकाराकडून कर्ज काढलं, जुनी गाडी घेतली, तिच्या दारावर स्वतःच्या हातानं कमळ रंगवलं आणि पगारी ड्रायव्हर ठेवला.

एक वर्ष मी जमिनीपासून वीतभर वरून चाललो. मग त्याच रस्त्यावर दुसऱ्या दोन मोटारी आल्या, त्यांनी भाडं पाडलं, मीही पाडलं. मोटारीची एक दुरुस्ती संपली की दुसरी उभी राहायची, त्यासाठी आणखी चौघांकडून पैसे उचलले. शेवटी वळसंगच्या पुढे इंजिनानं मान टाकली ती टाकलीच. बैल जुंपून मोटार घरी आणली, तेव्हा मी रंगवलेल्या कमळावर शेण उडालेलं होतं. सावकारानं कोर्टातून हुकूमनामा मिळवला. पैसे नाही भरले तर मला दिवाणी तुरुंगात बसवायची तयारी त्यानं चालवली होती. माझा सगळा पगार दिला असता तरी व्याजसुद्धा भागलं नसतं. देवघरासमोर उभा राहून मी स्वामींना म्हणालो, तुमच्याच वाटेवर गाडी घातली होती ना मी? मग हे काय केलंत?

आमच्या आळीतल्या वकिलांनी एकच मार्ग सांगितला, नादारीचा अर्ज. आपल्यापाशी काय आहे आणि कुणाकुणाचं देणं आहे, ते सगळं कोर्टापुढे खरंखरं लिहून द्यायचं. कोर्ट आहे ते विकून सगळ्यांना वाटून देतं, आणि तुरुंग टळतो. पण नादार म्हणवून घ्यायचं? शाळेत काय तोंड दाखवू? हेडमास्तर ठेवतील का? मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, नादार तर नादार. संध्याकाळी घरी याल ना?" एवढं बोलल्यावर मात्र तिनं पदर डोळ्यांना लावला.

वकिलांनी यादी लिहायला घेतली. पाच नावं झाली. लेखणी थांबवून त्यांनी विचारलं, "आणखी कोणी? नीट आठवा मास्तर. अर्धवट यादी दिलीत तर अर्ज फेटाळतील."

मी म्हणालो, "कोणी नाही."

हे खोटं होतं. सहावं नाव गौरव्वाचं होतं. गौरव्वा म्हणजे आमच्या पेठेच्या कोपऱ्यावर शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणारी लिंगायत म्हातारी. कानानं मंद, म्हणून बोलायची ती गावाला ऐकू जाईल अशी. ती दर गुरुवारी माझ्या मोटारीनं अक्कलकोटला यायची. टायर फाटले तेव्हा तिनं खलबत्त्यामागच्या गाडग्यातून शंभर रुपये काढून माझ्या ओंजळीत घातले होते. ना कागद, ना साक्षीदार. यादीत नाव घातलं तर कोर्टाची नोटीस तिच्या हातात जाईल, आपल्या पैशांची माती झाली हे तिला कळेल, आणि मला ते तोंड बघवणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण पूर्ण खरं लिहायचं तर तिच्यापाशी कागद नाही हे मला माहीत होतं आणि ते मला सोयीचं वाटलं. याची लाज मला अजून वाटते.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. तो कागद स्वामींच्या पादुकांना लावून आणावा म्हणून मी आगगाडीनं निघालो. स्टेशनापासून अक्कलकोट गाव बरंच लांब, टांग्याला पैसे नव्हते, म्हणून उन्हातून पायी निघालो. ज्या रस्त्यानं मी मोटारमालक म्हणून मिरवलो होतो, त्याच्याच धुळीत आता चालत होतो. मठात पोचलो तेव्हा नैवेद्याची वेळ होती. वडाच्या पारापाशी रांगेत उभा राहिलो, कोटाच्या आतल्या खिशातून अर्ज बाहेर काढला, आणि पाराच्या पलीकडून एक आवाज आला. तो आवाज मी हजार माणसांत ओळखला असता.

"स्वामी, आमच्या मास्तरची मोटार बंद पडलीया! लई भला मानूस हाय. त्याला जेलात घालनार म्हनत्यात. माजं पैसं गेलं तर जाऊ द्या, पन त्याला सोडवा. त्याचं समदं निस्तरंस्तोवर मी गोडाला शिवनार न्हाय. गूळसुदिक न्हाय!"

मंद कानाची गौरव्वा आपल्या मतानं देवाच्या कानात कुजबुजत होती. रांगेतले लोक वळून बघत होते. मी जिला लपवलं होतं, ती माझ्यासाठी गूळ सोडत होती! आणि गौरव्वाला गूळ किती प्रिय, ते पेठेतलं पोरसुद्धा सांगेल. मी रांग मोडून पलीकडे गेलो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अय्यो! मास्तर, तुमी हितं?"

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. पाच नावं, नादारी, आणि तिचं नाव मुद्दाम गाळल्याचं. मला वाटलं ती रडेल, शिव्याशाप देईल. ती भडकली खरी, पण भलत्याच कारणानं.

"पाच जनांची नावं हायती, आन माजंच न्हाय व्हय? याको तम्मा, का रं भावा, मी काय परकी हाय? लग्नाच्या यादीतनं गाळल्यावानी मला गाळलं की तुमी! लिवा माजं नाव. आत्ताच्या आत्ता लिवा. माज्यादेकत."

आजूबाजूचे लोक हसायला लागले, मीही रडता रडता हसलो. ड्रॉइंग मास्तराच्या खिशात पेन्सिल असतेच. पाराच्या कडेला कागद ठेवून मी पाच नावांच्या खाली सहावं लिहिलं. गौरव्वाला वाचता येत नव्हतं, तरी प्रत्येक अक्षर होईपर्यंत ती वाकून बघत होती. मग पुजाऱ्यांनी तो कागद पादुकांना लावून परत दिला. परतीच्या वाटेवर ऊन तेवढंच होतं, पण मी जवळजवळ पळत स्टेशन गाठलं. वकिलांचं दार ठोठावून आधी त्यांच्याकडून नवा अर्ज लिहून घेतला, तेव्हा कुठे घरी गेलो.

चौकशीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. सावकाराचे वकील उठले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "हा इसम लबाड आहे. यानं एक देणं कोर्टापासून लपवलं आहे. टायरांचे पैसे ज्या बाईनं दिले तिला आम्ही हजर केलं आहे." मी वळून बघितलं. मागच्या बाकावर नवं लुगडं नेसून गौरव्वा बसली होती. सावकाराच्या माणसानं कशासाठी आणलं ते तिला धड ऐकू आलंच नव्हतं. माझ्यासाठी बोलावलंय एवढंच तिनं धरलं होतं. न्यायाधीशांनी चष्मा सारखा केला, अर्जावरून बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "सहाव्या क्रमांकावरची गौरव्वा ती हीच का?" सावकाराचे वकील खाली बसले; बिनकागदाचं देणं मी लपवणारच असं धरून त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचलीच नव्हती. माझ्या वकिलांनी टेबलाखालून माझा हात इतका दाबला की आठवडाभर बोटं दुखत होती.

अर्ज मंजूर झाला. मोटार कमळासकट लिलावात गेली, पगारातून कोर्टानं ठरवलेला भाग जात राहिला. हेडमास्तरांनी मला बोलावून फक्त एवढंच विचारलं, की आता खिडकीशी धावणार नाही ना? दोन वर्षांनी कोर्टानं मला कर्जातून मोकळं केलं. कायद्यानं मी कुणाचंच काही देणं लागत नव्हतो. गौरव्वाच्या वाट्याला थोडेच रुपये आले होते. राहिलेले मी महिन्याला दोन-दोन करून तिच्या दुकानावर नेऊन देत राहिलो. "आता खा की गूळ," असं दर वेळी म्हणायचो, आणि ती म्हणायची, "निस्तरलं कुटं अजून?" चार संक्रांती तिनं आमच्या घरचा तिळगूळ कपाळाला लावून परत डब्यात ठेवला.

त्या पारावर काय झालं याचा मी फार विचार करतो. स्वामींनी तिला बोलावलं की मला, का दोघांनाही, ते मला सांगता येणार नाही. एवढं मात्र अनुभवानं कळलं, की मी आयुष्यभर देवापुढे हात जोडले, पण एक मूठ नेहमी मिटलेलीच ठेवली होती. ती त्या दिवशी उघडली. त्याआधी मी जे करत होतो त्याला नमस्कार म्हणता येईल, शरण जाणं नाही.

शेवटचे दोन रुपये द्यायला गेलो, तेव्हा मंद्रूपच्या बाजारातून आणलेली गुळाची लहान ढेप बरोबर नेली होती. गौरव्वानं रुपये न बघताच गाडग्यात टाकले. खलबत्त्यातल्या बत्त्यानं ढेपेचा कोपरा फोडला आणि पहिला खडा माझ्या तोंडात कोंबला. मग दुसरा स्वतःच्या तोंडात ठेवून डोळे मिटले. गिऱ्हाईकं ताटकळली होती, कुणी हाक मारली नाही. मग डोळे उघडून, पेठेला ऐकू जाईल अशा कुजबुजीत तिनं विचारलं,

"मास्तर, मंग दुसरी मोटार कवा घेताय?"